दोघांनी उचलायचा टीव्ही

"तुमच्या पुस्तकात लिहिलंय, टीव्ही दोन माणसांनी उचलावा," फोनवरचा आवाज म्हणाला. "आमच्याकडे एकच आहे. म्हणजे... माणसं दोन आहोत, पण उचलणारा एकच. दुसरा कुठून आणायचा, ते काही पुस्तकात सापडलं नाही."

खरं सांगते, आधी मला वाटलं कोणीतरी टिंगल करतंय.

तो फोन माझा नव्हताच मुळी. आमच्या टीव्हीच्या कंपनीत मदतीच्या फोनवर दोघीजणी बसतात. त्या जेवायला गेल्या होत्या आणि फोननं वाजून वाजून डोकं उठवलं म्हणून मी उचलला. माझं काम वेगळं. टीव्हीच्या खोक्यात एक छोटं पुस्तक असतं ना, वर ठळक अक्षरांत 'वापरण्यापूर्वी वाचा' असं लिहिलेलं, आणि जे कोणी म्हणजे कोणी वाचत नाही? ते मी लिहिते. सात वर्षं लिहितेय. माझ्या सख्ख्या भावानं घरातल्या डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली माझंच पुस्तक घडी करून घातलंय.

"तुम्ही... वाचलंत ते?" मी विचारलं.

"चार वेळा. कुणी लिहिलंय हो?"

"असतं आमच्याकडे कुणीतरी." माझे कान गरम झाले.

"छान लिहिलंय. 'टीव्हीवर फुलदाणी ठेवू नका. पाणी फुलांना लागतं, टीव्हीला नाही.' आई तीन दिवस हसतेय."

ते वाक्य साहेबांनी तीनदा खोडलं होतं आणि मी तीनदा परत घातलं होतं! सात वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ते मला वाचून दाखवत होतं. 

"शेजारीपाजारी कोणी नाही का?" मी कसंबसं म्हणाले.

"समोरच्या काकांच्या कमरेला पट्टा आहे. खालचे दादा आले होते. म्हणाले, पुस्तकंबिस्तकं राहू दे, मी एकटाच उचलतो. आईनं त्यांना चहा पाजून परत पाठवलं."

"मग सोमवारी आमचा माणूस येईल बसवायला. मी नोंद करते."

 जरा खालच्या आवाजात तो म्हणाला, "आम्हाला आजच लागणार होता. चार वाजून सात मिनिटांनी."

"चार वाजून सात मिनिटांनी काय आहे?"

"आईची छत्री उघडणार आहे."

आठवडाभर जो तो तेच बोलत होता. अवकाशातून तीन माणसं परत येणार होती, आणि त्यांचं यान शेवटच्या टप्प्यात पॅराशूटनं खाली उतरणार होतं. आमच्या ऑफिसातही सगळ्यांनी चारला काम थांबवायचं ठरवलं होतं. पण ते पॅराशूट कुणीतरी शिवलं असेल, मशीनवर बसून, पाय हलवत... हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यानं सांगितलं, त्याची आई चाळीस वर्षं पॅराशूटच्या कारखान्यात शिलाईला होती. या यानाच्या मोठ्या छत्रीच्या तीन शिवणी तिच्या हातच्या.

"शिवायच्या, घडी करायच्या, पाठवून द्यायच्या," तो म्हणाला. "उघडलेली तिनं एकही पाहिली नाही. आता डोळे अधू झालेत. मोबाइलवर तिला नुसता उजेड दिसतो. म्हणून एवढा मोठा घेतला. बरं, ठीक आहे... सोमवारी पाठवा."

"पत्ता सांगा," मी म्हणाले.

साहेबांना सांगितलं, पोटात कसंतरी होतंय. अगदीच खोटं नव्हतं ते.

तिसऱ्या मजल्यावरचं दार त्यानंच उघडलं. घड्याळं दुरुस्त करणारे डोळ्याला लावतात ते भिंग कपाळावर चढवलेलं, आणि त्याला त्याचा पत्ताच नाही. बोटं लांबसडक. बघणं असं शांत, की आपणच घाईत आहोत असं वाटावं.

"मदतीच्या फोनवरच्या मॅडम?"

"दुसरा माणूस," मी म्हणाले.

तो हसला. बाई गं! हसला की एकाच गालाला खळी. मी घाईघाईनं चपला काढल्या.

आत खिडकीशी त्याची आई बसली होती. सडसडीत, ताठ, मांडीवर काहीतरी भरतकाम, बोटांनी चाचपत चाललेलं. "ये गं पोरी. वजन झेपेल ना तुला? नाहीतर हा एक आणि तू पाव."

"आई!"

"अरे विचारलं रे. विचारायला काय जातंय?"

आम्ही कामाला लागलो. तो पुस्तक उघडून एकेक ओळ वाचायचा आणि मी — मीच लिहिलेली ओळ! — नवीन असल्यासारखी ऐकायची. टेबलावर जाड चादर पसरली. टीव्ही त्यावर पालथा ठेवायचा, मग पाय बसवायचे. "एक, दोन, तीन म्हटल्यावर उचला. तीन म्हणायच्या आधी नको," तो म्हणाला.

"असं लिहिलंय का त्यात?"

"नाही. हे माझं." तो गडबडला. "तुमचा हात चेंगरू नये म्हणून."

चार पाय, चार स्क्रू. त्यानं ते इतक्या हळुवार पिळले की मी बघतच राहिले. मग पुन्हा एक, दोन, तीन, आणि टीव्ही उभा राहिला. टेबल भिंतीला टेकलेलं, पण मागे वारा खेळायला चार बोटं जागा मोकळी. पुढे कलंडू नये म्हणून पट्टा भिंतीत पक्का केला. पिन थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये, इस्त्रीसाठीच्या वायरच्या बोर्डात नाही.

"याला मी कव्हर भरलंय," आई म्हणाल्या आणि मांडीवरचं कापड पुढे केलं. पांढऱ्यावर निळी वेल, एकही टाका वाकडा नाही. "घालू ना?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. चालू टीव्हीवर कापड घालायचं नाही, आतली गरम हवा बाहेर पडू द्यायची, हे आम्हा दोघांनाही पाठ होतं... आणि सांगायची दोघांचीही हिंमत होईना.

"बंद केल्यावर घालू या, आई," शेवटी मी म्हणाले. "गार झाला की."

"मग तसं सांगा की! मेले दोघं भुतासारखे उभे."

पावणेचारला चित्र लागलं. काळंभोर आकाश आणि त्यात एक ठिपका. आई खुर्ची सोडून उठल्या. "दिसतंय रे," त्या म्हणाल्या. "ठिपका दिसतोय मला." त्यांचा आवाज इतका बारीक झाला की मी नकळत त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

चार वाजायला पाच मिनिटं असताना लांब कुठेतरी गडगडलं.

तिघांनीही ऐकलं.  खिडकीबाहेर आभाळ भरून आलं होतं. मग दुसऱ्यांदा गडगडलं, जरा जवळ.

पुस्तक त्याच्या हातात होतं, पण त्यानं उघडलं नाही. पान नऊ. माझंच वाक्य. 'वीज लांब असतानाच टीव्हीची पिन आणि केबल काढून ठेवा. डोक्यावर आल्यावर त्यांना हात लावू नका.' हे मी उगाच नव्हतं लिहिलं. मदतीच्या फोनवर काय काय ऐकू येतं, ते मला माहीत होतं. पण बारा मिनिटं! बाराच मिनिटं राहिली होती. 'राहू द्या हो, काही होत नाही', एवढंच म्हणायचं होतं. माझ्या ओठांवर आलं होतं ते.

"काढ," आई म्हणाल्या.

"आई, अगं चाळीस वर्षं..."

"चाळीस वर्षं एक टाका चुकला तर अख्खी शिवण उसवलीय मी. कोण बघणार आहे, असं म्हटलं नाही कधी. वर तीन जीव बसलेत त्या भरवशावर. आणि आज माझ्या हौसेपायी तुम्हा दोन पोरांना विजेखाली बसवू? काढ म्हणते ना."

त्यानं पिन काढली. केबल काढली. ठिपका गेला. एवढा मोठा टीव्ही नुसती काळी पाटी होऊन बसला. आई खुर्चीत टेकल्या आणि त्यांनी हात मांडीवर ठेवले. मला रडू येत होतं, लाज वाटत होती, आणि या बाईपुढे डोकं टेकवावं असंही वाटत होतं.

मी पर्समधून मोबाइल काढला. हातभर लांब धरून आईंच्या शेजारी जमिनीवर बसले. "मी बघते आणि सांगते. चालेल?"

"सांग. पण एक ऐक. फाटली तर फाटली म्हण. खोटं सांगायचं नाही."

 तो आमच्या मागे उभा होता. बाहेर पाऊस कोसळायला लागला होता.

"यान खाली येतंय," मी सुरू केलं. "पालथ्या पेल्यासारखं दिसतंय. खाली रुंद, वर निमुळतं. आता वरचं झाकण उडालं. एक छोटी छत्री बाहेर आली. उघडली. यान आधी डोलत होतं, आता सरळ झालं."

"धाकटी ती," आई पुटपुटल्या. "थोरलीला ओढून काढेल. बघ."

"छोटी सुटली. मोठी बाहेर येतेय. लांब... खूप लांब. पांढरी आणि केशरी." मी थांबले.  "आई, ती उघडत नाहीये. मिटलेलीच आहे. यान जोरात येतंय आणि ती वर नुसती मिटलेली..."

मागे त्याचा श्वास अडकलेला मला ऐकू आला. आईंनी माझा हात शोधला आणि धरला. 

"मोज," त्या म्हणाल्या. "तिच्या कमरेला दोर बांधलाय आम्ही. एकदम उघडली तर चिंध्या होतील. दोर आपोआप कापला जातो, मग उघडते. मोज."

"तीन," मी म्हणाले. "चार. पाच. अजून तशीच आहे. सहा. सात..."

आठ म्हणताना वीज कडाडली आणि मी दचकले, पण नजर हलवली नाही.

"उघडली!" मी ओरडले. "आई, उघडली! सगळी! गोल, भरलेली... केवढी आहे ती! खाली यान अगदी एवढंसं, लटकलंय आणि तरंगत येतंय. घाई नाही काही. एकही शिवण उसवलेली नाही. एकही नाही, आई!"

आई डोळे मिटून बसल्या होत्या आणि गालांवरून पाणी वाहत होतं. "एवढी होती होय गं ती?" त्या म्हणाल्या. "माझ्या टेबलावर तर पट्ट्यापट्ट्यांनी यायची."

मी मागे वळून बघितलं. तो मोबाइलकडे बघतच नव्हता.

पाऊस ओसरला, गडगडाट थांबला, तेव्हा अर्धा तास उलटून गेला होता. पिन आणि केबल पुन्हा लावली. ती तीन माणसं बाहेर येऊन बसली होती, आणि मधून मधून तोच क्षण परत दाखवत होते. आई टीव्हीच्या अगदी जवळ गेल्या. छत्री उघडली, भिंतभर पसरली. "अगदी तू सांगितलीस तश्शी," त्या म्हणाल्या. मग हात अर्धवट उचलून थांबल्या. "याच्या काचेला हात लावायचा नसतो ना? हा वाचत होता काहीतरी."

"लावा," मी म्हणाले.

त्यांनी तळहात त्या उघडलेल्या कापडावर टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

निघताना तो मला सोडायला बसथांब्यापर्यंत आला. रस्ता ओला होता, पागोळ्या टपकत होत्या. दोघंही उगाच हळू चालत होतो.

"पुस्तक तुम्ही लिहिलंय," तो म्हणाला.

"कशावरून?"

"आईला सांगत होतात ना, तेव्हा ओळखलं. छोटी छोटी वाक्यं. समोरच्याला काय दिसत नसेल, त्याची काळजी." तो थांबला. "तुम्हीच ना ती? लिहिणारी?"

"मीच," मी म्हणाले. "आणि भिंग काढा आता कपाळावरचं. दुपारपासून सांगायचं राहिलंय."

त्यानं घाईनं ते काढलं, खिशात घातलं, परत काढलं. "मी चार वेळा वाचलं, ते काही टीव्हीसाठी नाही. टीव्हीसाठी एकदाच. नंतर... घरात कोणीतरी बोलतंय असं वाटायचं." त्यानं एकदम सरळ माझ्याकडे बघितलं. "मला तुम्ही आवडता. आज आवडलात असं नाही. आवडून तीन दिवस झालेत. आज फक्त दिसलात."

लोकांनी काय करावं आणि काय करू नये, हे सात वर्षं सांगत आलेली बाई मी! आणि मी नुसती पर्सची चेन उघडत-मिटत राहिले. डोळे भरून आले, हसूही आलं, दोन्ही एकदमच.

बस आली. दार उघडलं. चालकानं माझ्याकडे बघितलं, मी मानेनंच नाही म्हटलं आणि बस गेली.

"पुढची चाळीस मिनिटांनी आहे," तो म्हणाला.

"माहीत आहे मला," मी म्हणाले, आणि बाकड्यावर त्याच्यासाठी जागा केली.