बायजाच्या पडवीतली दोरी

पडवीत धुणं वाळत घातलेल्या दोरीला फरझानाचा हात लागला आणि तिचं डोकंच फिरलं.

निळी नायलॉनची दोरी, तिच्यावर वीत-वीत अंतरावर लाल खुणा. भाताच्या लावणीसाठी प्रकल्पाने खास वाटलेली. खुणेवर रोप लावायचं, चार रोपांच्या मधोमध खताची एक गोळी खुपसायची. बी कमी, खत कमी, भात जास्त. गेल्या साली या गावातल्या बेचाळीस शेतकऱ्यांना हे शिकवलं, असं कागद सांगत होते. आणि इथे, जिते स्टेशनपासून पाऊण तासाच्या चालीवर, बायजाच्या पडवीत त्याच खुणांवर दोन लुगडी आणि कंपनीचा एक खाकी शर्ट लोंबत होता.

"कुठल्या गाढवाने वाटली ही दोरी!" ती मोठ्याने म्हणाली.

"मी."

ती वळली. पायरीवर एक उंच तरुण उभा होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चपला हातात, केसांतून पावसाचं पाणी नाकावर ओघळतंय...

"खलील. प्रकल्पाचा प्रशिक्षक," तो म्हणाला. "गाढव म्हणालात तरी चालेल. तुम्ही?"

"फरझाना. रोह्याहून आले. तुमच्या कार्यक्रमाचं मूल्यमापन करायला."

"म्हणजे मला मार्क द्यायला?"

"हो."

"मग सुरुवात झकास झाली की —" तो हसला. हसताना त्याचा डावा डोळा जरा जास्त मिटायचा. हे आपल्या लक्षात का यावं, याचाच तिला राग आला.

घरातून बायजा बाहेर आली. साठीची, काटक. तिने खलीलच्या हातात फडकं कोंबलं. "डोकं पूस रं आधी. आणि तू बस गो पोरी, उभ्या उभ्या भांडू नको. च्या टाकते."

फरझाना घराण्यात शेतीची पदवी घेतलेली पहिली मुलगी. अब्बांनी तिला एक वर्ष दिलं होतं. वर्षभरात नोकरी पक्की झाली तर ठीक, नाहीतर कुवेतवाल्या मुलाचं स्थळ तयारच होतं. नोकरी पक्की व्हायची ती या अहवालावर. आणि अहवाल कसा हवा, हे पेणच्या कार्यालयात बसलेल्या हैबतरावांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "नव्वद टक्क्यांच्या खाली जाऊ नका, बाई. वरून माणसं बघतात." हैबतरावांच्या बुटाला वीस वर्षांत चिखल लागला नव्हता. असली माणसं शेतीची खाती चालवतात, आणि चिखलातल्या माणसाने त्यांना साहेब म्हणायचं.

तीन दिवस ती आणि खलील घरोघर फिरले. छत्री एकच होती, खलीलची, तीही एका काडीने मोडलेली. मोडकी बाजू तो बरोबर स्वतःकडे ठेवायचा.

"भिजताय तुम्ही," ती म्हणाली.

"मार्क वाढतात का त्याने?"

"नाही."

"मग उगाच भिजतोय म्हणायचं."

ती हसली नाही. म्हणजे, तोंड फिरवून हसली.

घरोघरचं उत्तर मात्र एकच. प्रशिक्षण घेतलं? व्हय. फायदा झाला? व्हय. दोरीवर लावणी करता? व्हय, व्हय. पहिल्या एकोणचाळीस घरी एकोणचाळीस वेळा व्हय. खलीलची मान प्रत्येक घरातून बाहेर पडताना थोडी आणखी ताठ होत होती. त्याने शाळेत स्वतः फळ्यावर चित्रं काढली होती. कंपनीतल्या माणसांना सुट्टी असते म्हणून मुद्दाम रविवार धरला होता. सातबारा बघून एकेका खातेदाराला घरी जाऊन बोलावलं होतं. मनापासून केलं होतं पोराने.

चाळिसाव्या घरी नाथा भेटला. डोलवीच्या कारखान्यात शिफ्ट करून आलेला, डोळे लाल. त्याच्या "व्हय"वर फरझानाने पेन खाली ठेवलं.

"नाथादादा, दोन खुणांत किती अंतर ठेवता तुम्ही?"

नाथा घुटमळला. "ते... ते बायकांना म्हायती. लावणी काय आमी करतो काय?"

"मग मघाशी व्हय का म्हणालात?"

"पावण्याला नाय कसं म्हणायचं, बाय? आणि हा खलील लय गुणाचा हाय. आमच्या नाय म्हणण्याने त्याची नोकरी गेली म्हंजे?"

फरझाना उठली ती तडक शेतात गेली. अंगावर प्लास्टिकचे कागद घेतलेल्या आठ-दहा बायका कमरेत वाकून रोपं लावत होत्या. दोरी नव्हती, खुणा नव्हत्या, हात नुसता सवयीने चालत होता.

"बायजाआजी, शाळेतल्या प्रशिक्षणाला तुम्ही कुणी का नाही गेलात?"

बायजाने पाठ सरळ केली. "आमाला कुणी बोलावलं? नाव सातबाऱ्यावर ज्याचं त्याला बोलावलं. आणि गेलो असतो तरी खोलीत सासरे, भावजी, थोरले दीर समदे बसलेले. त्यांच्यापुढं सुनांनी बाकावर बसायचं? काय बोलतेस गो!"

"मग दोरी?"

"माझ्या लेकाने आणून टाकली. बोलला नाय काय. मला वाटलं, सरकारनी धुण्याला दिली."

बायका खदाखदा हसल्या. बांधावर उभा असलेला खलील हसला नाही.

परतीच्या वाटेवर छत्री मिटलेलीच राहिली. दोघंही भिजत होते.

"तीन लिहिणार आहे मी," फरझाना म्हणाली. "बेचाळीसपैकी तीन. बायकांनी मोजून सांगितलं, दोरीवर लावणी तेवढ्याच घरांत होते."

"एकोणचाळीस जण व्हय म्हणालेत. कागदावर आहे."

"कागदाला लावणी करता येत नाही, खलीलसाहेब."

"हा प्रकल्प बंद होईल. माझी नोकरी जाईल, ते सोडा, पण या गावात परत कुणी येणार नाही. तुम्हाला काय? लिहाल आणि गाडी पकडून रोह्याला जाल."

तिला ते लागलं. "माझीही नोकरी जाईल," ती म्हणाली. "तरी लिहिणार. त्या बायका बारा तास वाकतात आणि तुम्ही त्यांच्या नवऱ्यांना शिकवून आलात! हे मी नाही लिहिलं तर पुढच्या साली हैबतराव आणखी दहा गावांत हीच चूक करतील. तुम्ही कितीही चांगले असलात —" ती थांबली.

"असलो तर?"

"तरी तीनच लिहिणार."

तो वळला आणि निघून गेला. स्टेशनवर गाडीची वाट बघताना तिचे डोळे भरून येत होते. पण पेन तिने पिशवीतून काढलं आणि गुडघ्यावर वही धरून तिथेच लिहायला बसली. तीन.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बायकांची उत्तरं लिहून घ्यायला शेतात पोचली, तर बांधावर ही गर्दी! आणि मधोमध, गुडघाभर चिखलात, खलील. हातात निळी दोरी.

"माझं धुणं भुईवर टाकून दोरी घेऊन आलाय मेला," बायजा म्हणाली, पण डोळे हसत होते. "बोलतो, आजी, माझी चूक झाली, आता तुमी सांगा कसं शिकवू ते."

"आणि काय सांगितलंत?"

"बोलले, फळा नको. चिखलात उतर."

खलीलने फरझानाकडे पाहिलं. रात्रभर झोपला नसावा. "बांधावर उभं राहून मार्क देता येतात," तो म्हणाला, "पण दोरीचं दुसरं टोक धरायला माणूस लागतो."

तिने सलवार खोचली आणि उतरली.

"ताणून धरा. सोडू नका."

"मी नाही सोडत. तुमचंच टोक सरकतंय, ते बघा."

"गार पाणी आहे —"

"व्हय रं व्हय, पाणीच गार हाय!" बायजा ओरडली आणि बायका अशा खिदळल्या की शेजारच्या खाचरातले बगळे उडाले.

पहिली ओळ वाकडी गेली. तिसरी सरळ आली. दहाव्या ओळीला बायजाने दोघांना बाहेर हाकललं, "आता तुमची अडचण होते, जावा," आणि दोरी स्वतःच्या हातात घेतली.

बांधावर बसून खलीलने अहवालाची वही मागितली. शेवटच्या पानावर चिखलाच्या बोटांनी लिहिलं: मूल्यमापन बरोबर आहे. प्रशिक्षण ज्यांना द्यायला हवं होतं त्यांना मी दिलं नाही. खाली सही.

शुक्रवारी तो अहवाल हैबतरावांच्या टेबलावर पडला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तीन? हे परत न्या, नीट करून आणा."

"नीटच आहे, साहेब. तुम्हाला चुकीचं वाटत असेल तर जित्याला चला. बूट काढून."

दोघांनाही दिवाळीपर्यंतच मुदत मिळाली. त्यानंतर नोकरी नाही. प्रकल्प मात्र बंद करता आला नाही, कारण प्रशिक्षकाची सही असलेला अहवाल फरझानाने थेट वरच्या कार्यालयात धाडला होता. तिथून हुकूम आला: पुढच्या साली शिकवणी शेतात, बायकांना.

भादव्यात ती गावात आली तेव्हा दोरीवरचं भात शेजारच्या भातापेक्षा हिरवंगार, फुटव्यांनी दाटलेलं उभं होतं. खलील बांधावर बसला होता. मांडीवर तिच्याच पाहणीचा जुना, कोरा फॉर्म.

"एक प्रश्न राहिलाय," तो म्हणाला. "बारावा. हा कार्यक्रम... पुढे चालू ठेवावा, असं तुम्हाला वाटतं का?"

"व्हय," ती म्हणाली.

"खरं, की पावण्यापुढचं?"

फरझाना हसली, या वेळी तोंड न फिरवता. "म्हणून तर हो-नाहीचे प्रश्न विचारायचे नसतात. कोण, कधी, कुठे, असं विचारावं. मग खोटं बोलता येत नाही."

"बरं... कोण?"

"तू."

त्याचा डावा डोळा मिटला. "कधी?"

"कापणी उरकली की."

"कुठे?"

"रोह्याला, अब्बांसमोर. तुझ्या अम्मीला घेऊन ये. आणि त्यांनी कुवेतवाल्या स्थळाचं नाव काढलं तर घाबरू नको, ताणून धर."

"सोडणार नाही," खलील म्हणाला.

फरझानाने त्याच्या हातातला फॉर्म घेतला, बाराव्या प्रश्नापुढची हो-नाहीची चौकट खोडली आणि तिथे स्वतःच्या अक्षरात तारीख घातली.