कोरडी गॅलरी

सहादूचं प्रेत सापडलं तेव्हा गॅलरी कोरडी होती आणि सहादू नखशिखांत भिजलेला होता.

उपनिरीक्षक मच्छिंद्र वाकचौरे यांना त्यात विशेष काही वाटलं नाही. गॅलरी म्हणजे धरणाच्या पोटातून, पायाला लागून गेलेला बोगदा. तिच्या सखल टोकाला झिरपलेलं पाणी साठायचा हौद. पंपावरचा सहादू त्या हौदात पडला आणि बुडाला, झालं. त्याच्या जोडीचा पंपवाला भिमाजी म्हणाला, सकाळी पाणी उपसून मीच त्याला वर काढलं. शाखा अभियंता प्रशांत नवले म्हणाले, पिऊन आला असेल. मेलेल्या माणसाला दारू पाजायला आपल्याकडे काहीच लागत नाही.

पंचनामा आटपत आला तेवढ्यात जयमाला आभाळे जीपमधून उतरली. धरणांची सुरक्षा तपासणारी ही उपअभियंता. आंबेखिंडीचं धरण काठोकाठ भरायला थोडंच बाकी होतं. ते भरू द्यायचं की नाही, हे तिच्या अहवालावर ठरायचं होतं. भिंतीच्या पायथ्याला ढोकवस्ती होती. सहादूचं घर तिथंच, भिमाजीचंही तिथंच.

"काल दुपारी सहादूचा मला फोन होता," ती वाकचौरेंना म्हणाली. "पायाच्या दगडात पाण्याचा दाब मोजणारी मीटरं आहेत. म्हणाला, काटा वर चाललाय, पण गॅलरीत थेंब नाही. मी म्हटलं, मी येईपर्यंत कशाला हात लावू नका."

"थेंब नाही म्हणजे चांगलंच की, मॅडम."

"सगळे असंच म्हणतात," जयमाला म्हणाली आणि आत शिरली.

तिनं आधी हौद पाहिला, मग भिंत. भिंतीवर गुडघाभर उंचीला गाळाची ताजी रेघ होती. फरशी कुणीतरी गोणपाटानं पुसली होती. फरशीत ओळीनं भोकं होती, मुठीएवढी, आणि प्रत्येकात लाकडाचा खुंटा ठोकून वर सिमेंट लिंपलेलं. जुनं, पांढुरकं सिमेंट. एकाच भोकावरचं काळपट आणि ओलसर.

तिनं भिमाजीला बोलावलं. पन्नाशीचा साधा माणूस. दोन्ही हातांना फडकी बांधलेली.

"हाताला काय झालं?"

"काटं लागलं, मॅडम. बाभळ तोडाया गेल्तो."

"हौदात बुडण्याएवढं पाणी होतं?"

"व्हय. पुरुषभर."

"गॅलरी कोरडी, मग ते आलं कुठनं?"

भिमाजी हौदाकडे बघत राहिला. "झिरापलं असंल," तो म्हणाला.

मग प्रशांतची पाळी आली. हा माणूस सकाळपासून सारखा घाम पुसत होता, आणि वाकचौरेंचा निम्मा संशय त्या रुमालावरच होता.

"गॅलरीच्या किल्ल्या कुणाकडे?"

"एक माझ्याकडे. एकेक पंपवाल्यांकडे."

"काल संध्याकाळी तुम्ही कुठे होता?"

"नगरला, बैठकीत. साहेबांना विचारा."

"ही भोकं कुणी बुजवली?"

रुमाल थांबला. "गेल्या वर्षी मोठ्या साहेबांची पाहणी होती. रेलिंग रंगवलं, दिवे लावले. आत पाणी वाहताना बरं दिसत नव्हतं. मी भिमाजीला म्हटलं, बघ जरा."

"साहेब काय म्हणाले?"

"खूश झाले. भिमाजीची पाठ थोपटली."

दुपारी डॉक्टरांचा फोन आला. हनुवटीखाली जबर मार, पण मृत्यू त्यानं नाही, पाण्यानं. मार लागल्यावर माणूस बराच वेळ जिवंत होता. पोटात दारूचा मागमूस नाही.

वाकचौरेंनी भिमाजी आणि प्रशांत दोघांना पंपाच्या खोलीत बसवलं. जयमाला उभीच राहिली.

"हे धरण कशाच्या जोरावर उभं आहे?" तिनं विचारलं. "फक्त स्वतःच्या वजनाच्या. साठलेलं पाणी भिंतीला पुढं ढकलतं. तेच पाणी पायाखाली शिरून तिला वर उचलतं. उचललं की तिचं वजन तेवढं कमी पडतं, आणि मग ती पायावरून सरकू शकते. म्हणून गॅलरीतून खाली दगडात भोकं पाडतात. खालचं पाणी त्यातून वर येतं आणि दाब मोकळा होतो. गॅलरी ओली असते, हे चांगलं लक्षण आहे. ही वर्षभर कोरडी आहे आणि खालचा दाब वाढतोय."

तिला बोलताना धाप लागत होती. राग होता तो.

"सहादूला वाटलं, मी येण्याआधी खात्री करावी. त्यानं एक खुंटा सैल केला. खालच्या दाबानं तो उडाला आणि त्याच्या हनुवटीखाली बसला. पडणाऱ्याला खालून मार लागत नाही. तो बेशुद्ध पडला, हौद भरून पाणी गॅलरीत चढायला लागलं. भिंतीवरची रेघ त्याचीच. मग कुणीतरी आलं. कुलूप फोडलेलं नाही, म्हणजे किल्लीवाला आला. नवले नगरला होते. आलेल्या माणसानं ते भोक पुन्हा बुजवलं, पाणी उपसलं, फरशी पुसली. उसळत्या पाण्यात सिमेंट उघड्या हातांनी दाबून धरावं लागतं, आणि ओलं सिमेंट कातडी भाजतं. भिमाजी, फडकी सोडा."

त्यानं सोडली. तळहात भाजून सोललेले होते. काट्यानं असं होत नाही, हे पोलिसालाही कळलं.

"तो जिवंत होता, भिमाजी."

"व्हय." भिमाजीनं फडकी पुन्हा गुंडाळायला घेतली. "मला वाटलं, धरन फुटलं. खाली माजी लेकरं, त्येची बायको, समदी वस्ती. म्हनलं, आधी हे बंद करू, मंग त्येला उचलू. खुट्टी बसंना. लई येळ लागला. मागं वळलो तर त्यो पान्यात पालथा."

"मग खोटं का बोललात?"

"कसं सांगू, मी तितंच हुतो म्हनून?"

वाकचौरेंनी त्याला उठवलं. दारात तो थांबला.

"मॅडम, पर धरन तर वाचलं ना?"

अशा वेळी माणसानं खोटं बोलावं. जयमालाला ते जमलं नाही. "नाही," ती म्हणाली.

भिमाजी जीपमध्ये बसला. प्रशांतचा हुकूम तोंडी होता, म्हणजे नव्हताच. तो बंगल्यावर जेवायला गेला.

जयमालानं वरच्या साहेबांना फोन लावला. पाणी आजच उतरवायला हवं, त्याशिवाय भोकं पुन्हा मोकळी करता येणार नाहीत.

"सगळं पाणी शेतीच्या आवर्तनाला वाटलेलं आहे," साहेब म्हणाले. "पुढच्या आठवड्यात बैठक लावू. मला सांगा, भोकं चालू आहेत असं धरलं तर तुमचं गणित बसतं?"

"बसतं. पण ती चालू नाहीत."

"तूर्त तसंच धरा."

संध्याकाळी, सहादूचा अंत्यविधी उरकल्यावर, ती पायवाटेनं वस्तीवर उतरली. सहादूची बायको आक्काबाई भिंतीला टेकून बसली होती. जयमालानं तिला सगळं सांगितलं. तो प्यायलेला नव्हता. त्याला जे कळलं, ते खरं होतं. आणि आता इथून निघायला हवं, आजच, सगळ्यांनी.

आक्काबाईनं शांतपणे ऐकून घेतलं. मग तिनं कोपऱ्यात बोट दाखवलं. सहादूला जिथं निजवलं होतं तिथं पीठ पसरून दिवा लावला होता.

"दिवा हाय घरात, बाई. त्यो इजू द्यायचा नसतोय. दहावा हुईस्तोवर घर सोडता येत न्हाई. आन मला सोडून वस्ती कशी जाईल?"

"दहाव्यापर्यंत थांबू नका, आक्का."

"दहावा झाला की जाऊ. तुमी म्हनाल तितं जाऊ."

जयमाला तिच्या शेजारी बसून राहिली. पाणी ज्या वेगानं चढत होतं, त्या हिशेबानं धरण दहाव्याच्या आधीच भरणार होतं.