सात नंबरचा डोळा

मावशीचा मोतीबिंदू दाखवायला रोशन नागपूरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात आला नि चुकून वैभवीच्या खोलीत शिरला. तिला तर माणूस हवाच होता! साखरेच्या आजारानं बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यातल्या पेशींची कोणती जनुकं मंदावतात, कोणती उगाच जास्त काम करतात, हे ती शोधत होती. आणि साखर नसलेले डोळे काही केल्या पुरत नव्हते.

साखर आहे का, असं तिनं विचारलं. त्यानं तिच्याकडे पाहिलं... नि नाही म्हणाला. रक्त तपासायच्या पट्ट्या नेमक्या संपलेल्या. एरवी नियमाची पक्की वैभवी, पण त्या दिवशी बाई त्याच्या शब्दावर गेली. पेशी उचलायला कागदाची इवली चकती त्याच्या डोळ्याला टेकवताना ती म्हणाली, "पापणी हलवू नका. माझ्याकडे पाहा."

"तेच तर करून राहिलो..."

तिचीच पापणी हलली मेली.

मग मावशीच्या औषधाचं निमित्त करून रोशन दर मंगळवारी कन्हानहून येऊ लागला. जाताना दारातून एकदा वळून बघायचा, आणि वैभवीचा अख्खा आठवडा तेवढ्यावर निघायचा.

अशातच निकाल आले. निरोगी यादीतला सात नंबरचा डोळा चक्क साखरेवाल्यांसारखा निघाला. तिच्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, नमुन्यांची अदलाबदल झाली, सगळं पहिल्यापासून कर. आठ महिने पाण्यात! मंगळवारी रोशनला हे सांगता सांगता ती रडली.

तो तिच्यासमोरच्या खुर्चीत बसला. "तुमचा हात नाही चुकला. तो सात नंबर मीच असणार. बारा वर्षांपासून इन्सुलिन घेऊन राहिलो."

"मग काहून खोटं बोलला गा?"

"साखर म्हटलं की सोयरीक मोडते... दोन मोडल्या. मले तुमच्यासमोर अजून थोडं बसायचं होतं."

वैभवीला राग आला, चांगलाच आला. आणि त्याच्याबद्दल मायाही तेवढीच दाटली. ती तडक मॅडमकडे गेली, पट्टीनं रक्त न तपासताच नमुना घेतल्याची आपली चूक कबूल केली, बोलणी खाल्ली. सातवा नमुना बाद झाला. बाकी काम वाचलं.

"तुझं नाव यादीतून काढलं," परत येऊन ती म्हणाली.

त्याचा चेहरा उतरला. तो उठू लागला, तशी तिनं त्याची बाही धरली.

"यादीतल्या माणसाले जीव लावता येत नाही आम्हाले, नियमच आहे तसा..." ती म्हणाली. "आता लावता येते."