लडाखातला बाक

केरबाची आणि राजाबाईची खरी गाठ पडली ती लडाखात, एका बाकावर. तेव्हा लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली होती आणि नातू दाढी करायला लागला होता. कुणाला हसायचं असंल त्यानं आत्ताच हसून घ्यावं.

झालं असं, की तिकडच्या डोंगरातल्या एका ख्रिस्ती मंडळीला तिकडच्या उन्हाळाभर, मे ते सप्टेंबर, सेवेसाठी वयस्क जोडपं पाहिजे होतं. बायकोनं वसतिगृहातल्या पोरांचा स्वयंपाक बघायचा, नवऱ्यानं दारं-खिडक्या नीट करायच्या. इकडं, गावच्या छावणीच्या चर्चमधून केरबानं हात वर केला. बायकोला विचारलं? छ्या! एक तर सुतार, त्यात मंडळीचा पंच... लाकडाला विचारून कुणी रंधा मारतं का?

राजाबाईला बातमी लागली ती नळावर, साळूबाईच्या तोंडून.

"मे महिन्यात बर्फ बघायला चाललीस म्हणं?"

"कोण, मी?" घागर हातातून सुटता सुटता राहिली.

तर तिकडचा पहिला रविवार. छावणीत बाया डावीकडं, बापे उजवीकडं, मधून वाट. ती ओलांडायची कुणाची टाप नव्हती. मंडळीतल्या सांडूचा नव्या लग्नाचा पोरगा बायकोजवळ जाऊन बसला, तर भर उपासनेत त्याला दंडाला धरून उठवणारा केरबाच. आणि लडाखात? खोली मूठभर, मधोमध शेगडी, भोवती चार-सहा बाकं, अन् जोडीजोडीनं चिकटून बसलेली माणसं!

पाळकाची बायको डोल्कर म्हणाली, "आंटी, अंकल के साथ बैठो ना."

राजाबाई थिजली. "नको बाई. मी उभीच बरी."

"ठंड में जम जाओगे!"

बसली कशीबशी. मधी बायबल ठेवलं. तेवढ्यात आणखी एक म्हातारी त्याच बाकावर आली, सरकावं लागलं, बायबल मांडीवर घ्यावं लागलं, आणि... केरबाचा खांदा तिच्या खांद्याला टेकला. हाय रे देवा! चार पोरं झाली, पण असं भर उजेडात, माणसांत? तिनं पदर कपाळापर्यंत ओढला.

गायन सुरू झालं, अन् दुसरा धक्का. हा माणूस गातो असा? इतकी वर्षं बाप्यांच्या गलक्यात कळलंच नव्हतं.

"अहो... हळू."

"का गं?"

"लोकांना वाटंल, दार करकरतंय."

केरबा हसला. चर्चमध्ये! मोठ्यानं! पंच हसला... राजाबाईनं डोळे गच्च मिटले, पण ओठ काही मिटेनात.

मग डाळीनं दगा दिला. त्या उंचीवर पातेल्यात डाळ शिजत नाय, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सकाळपासून रटरटतीय, अन् दाणा जसाच्या तसा!

"माझी डाळ? माझी?" तिनं पळी आपटली.

केरबा खिडकीला रंधा मारत होता. खाली मान घालूनच म्हणाला, "रागावलीस की नाकाचा शेंडा लाल होतो तुझा."

"थंडीनं झालाय."

"नाय. पहिल्यापासून होतो. चुलीपुढं बसून सासूवर धुसफुसायचीस तेव्हाबी व्हायचा."

"तुमाला काय दिसायचं? माझी तर पाठ असायची तुमच्याकडं!"

"कपाटाच्या आरशात दिसायचं की."

पळी हातातच राहिली. लग्नाच्या वर्षी केरबानं घडवलेलं ते कपाट! आरसा चुलीकडं तोंड करून बसवला म्हणून तिनं किती कुरकुर केली होती... ह्या सुताराला धड आरसासुद्धा बसवता येत नाय, म्हणून.

"म्हंजे तो... मुद्दाम?"

"मग काय, चुलीला भांग पाडायचा व्हता?"

त्या दिवशी डाळ शिजलीच नाही. तिच्याही ते ध्यानात राहिलं नाही.

उन्हाळाभर मग बोलणंच बोलणं. चढावर त्याला दम लागायचा, ती पुढं निघून जायची. मागून हाक यायची, "राजा, थांब ना—" अन् ती थांबली की तो हात धरायचा. ती म्हणायची, "लोकं बघत्यात." पण हात काढून घ्यायची नाही.

परतीच्या गाडीत, मनमाड जवळ आलं तशी ती धीर करून म्हणाली, "तिकडं बसायचो तसं... आता इकडं?"

केरबा खिडकीबाहेर बघत राहिला. "इकडं आपली मंडळी हाय, राजा."

स्टेशनात उतरल्यावर त्यानं ट्रंक उचलली अन् पुढं चालायला लागला. ती चार हात मागं, नेहमीसारखी. झालं. उतरलं लडाख अंगातून. रडायला येत होतं, पण ती राजाबाई होती. तिनं रिक्षावाल्याशी भांडून घेतलं.

रविवारी ती डाव्या सतरंजीवर बसली. साळूबाई कुजबुजली, "कसा गेला उन्हाळा?"

"थंड."

गायन सुरू झालं. राजाबाईचे कान उजवीकडं लागले. करकर ऐकू येईना. आला नाही की काय हा माणूस?

मग करकर आली... पण जवळून.

केरबा मधल्या वाटेत उभा होता! पेटी थांबली. पाळकसाहेबांचं तोंड उघडंच राहिलं. केरबानं सांडूच्या पोराचा दंड धरला, तोच दंड, अन् म्हणाला, "चल रं. दोघं गेलो तर शिव्याबी वाटून खाऊ."

पोरगा गेला आपल्या बायकोकडं. केरबा आला इकडं.

"साळूबाई, जरा सरका."

साळूबाई सरकली कसली, उडालीच. केरबा गुडघे कुरकुरवत खाली बसला. खांदा खांद्याला लागला.

"लोकं बघत्यात," राजाबाई पदराआडून म्हणाली.

"बघू दे. नाक लाल झालंय तुझं."

बाहेर ऑक्टोबरचं ऊन पत्रा तापवत होतं, अन् वरचा पंखा गरम वारा फेकत होता.

"थंडीनं झालंय," राजाबाई म्हणाली.