राजेसाहेबांचा काळा चेहरा

हसायचं त्यांनी खुशाल हसावं. हे खरं घडलंय. तैवानच्या दक्षिण किनाऱ्यावर, आमच्या गावात, गेल्या गुरुवारी, भर दुपारी दोन वाजता.

माझ्या थोरल्या नणंदेच्या हातून.

लुआन वन्सं देवळातल्या मूर्ती दुरुस्त करतात.

आमच्या देवळातले देव, राजेसाहेब, हयातीत इथले अधिकारी होते. रोगाची साथ पसरवणाऱ्या दूताने गावच्या विहिरीत टाकायला आणलेलं विष त्यांनी हिसकावलं आणि स्वतः पिऊन टाकलं. चेहरा काळाठिक्कर पडला. त्यांचा देव झाला, तरी चेहरा काळाच राहिला.

देवळाच्या नव्या अध्यक्षाला, को साहेबांना, तो गोरा हवा होता. फोटोत बरा दिसत नाही म्हणे!

मूर्तीला हत्यार लावण्याआधी लाकडी ठोकळ्यांचा कौल टाकून देवाला मूर्तीतून बाहेर यायची विनंती करायची असते. तीनदा होकार आला तरच पुढे जायचं. वन्संनी विचारलं, तर को साहेब म्हणाले, कालच झालं सगळं.

धादांत खोटं. तिन्ही कौल नकाराचे पडले होते. या माणसाने ते ठोकळे मुकाट्याने खिशात घातले होते.

वन्संनी रीतीप्रमाणे मूर्तीच्या डोळ्यांवर लाल कागद चिकटवला. गालावरून पटाशी फिरवली.

...घोट.

कुणीतरी काहीतरी गिळलं. देवळात दोघांशिवाय कुणीच नव्हतं.

पुन्हा पटाशी. पुन्हा... घोट.

मग उदबत्त्यांचा वास गेला. धूर होता, वास नव्हता. वन्सं थांबल्या, तर को साहेब खेकसले की मिरवणूक तोंडावर आलीय, हात चालवा.

अर्धा गाल उघडा पडला आणि वन्संना ते विष आठवलं. त्या देवळामागच्या, गावच्या विहिरीकडे धावल्या.

पाणी... काळं होतं.

काठावरची बादली ओली होती. माझ्या सासूबाई रोज दुपारी याच पाण्याचा चहा करतात.

वन्सं धापा टाकत घरी आल्या. सासूबाई दारात धुमसत बसल्या होत्या. कप रिकामा.

"आई, तू प्यायलीस?"

"पिऊ कुठे दिला मेल्याने! जुन्या काळचा झगा घालून आला, बसू का म्हणून विचारलं नाही. माझ्या हातातला कप ओढला. वर किटलीही तोंडाला लावली."

वन्सं तशाच देवळात परतल्या. लाल कागद जागच्या जागी होता. गाल पुन्हा काळा, पहिल्यापेक्षा काळा.

हनुवटी ओली होती...

वन्संनी पटाशी को साहेबांच्या पायाशी आदळली. "दुसऱ्यांदा विष पाजलंत त्यांना. आता तुमच्या हाताने खरवडा."

त्या माणसाला लाज नाही. शहरातून दुसरा कारागीर बोलावलाय. सोमवारी येतोय.

विहिरीचं पाणी आता नितळ आहे. माझा संताप मात्र जात नाही, आणि सासूबाई काल बोलल्या तेही डोक्यातून जात नाही.

"किटली खाली ठेवताना हात फार थरथरत होता गं त्याचा. पुन्हा यायचं त्राण काही दिसलं नाही मला."