रिकामी नळी

तिची पहिली भेट झाली ती त्याच्या बुटांशी. बाकीचा माणूस टेबलाखाली होता.

"अहो, ती हायड्रोजनची लाइन आहे! हात लावू नका!" ती ओरडली.

"हात न लावता मशीन दुरुस्त करायला आम्हाला शिकवलं नाही हो कुणी," टेबलाखालून उत्तर आलं.

मग तो बाहेर आला. केसांत धूळ, कपाळावर काळा डाग, आणि हसू असं की तिचा राग कुठल्या कुठे पळाला. गॅस तपासायची मशीनं विकणाऱ्या कंपनीतला तो इंजिनिअर. ती संशोधन करणारी. प्रयोगशाळेत वयाने सगळ्यांत लहान, म्हणून सगळे तिला धाकटीच म्हणत.

"या नळीत हे काळं काय भरलंय?" त्याने विचारलं.

"तांबं आणि झिंक ऑक्साइड यांची पावडर. वरून कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सोडायचा, खालून मिथेनॉल घ्यायचं."

"म्हणजे धुरांड्यातून वाया जातं त्याचं इंधन?"

"व्हायला हवं... होत नाही फारसं."

"होईल हो," तो इतक्या सहज म्हणाला की तिला ते खरंच वाटलं.

त्यानंतर मशीन वरचेवर बिघडू लागलं. निदान ती फोनवर तसं सांगायची. तो यायचा, एखादा स्क्रू उगाच पिळायचा आणि तिच्या पावडरींची चौकशी करत बसायचा. बाहेर पाऊस भुरभुरत असायचा. पाना उचलताना त्याचा हात तिच्या हाताजवळून गेला, की तिचे आकडे हमखास चुकायचे.

"फारच नाजूक दिसतंय गं तुमचं मशीन," घरी ताई म्हणाली. धाकटीने तिला उशी फेकून मारली.

आणि एके दिवशी, नव्या पावडरीवर, पडद्यावरची रेघ मिथेनॉलच्या जागी उंच उसळली. तिच्या गाइड मॅडमनी तिला मिठी मारली, परिषदेत हेच मांडायचं असं ठरवूनही टाकलं. तो मात्र पडद्याकडे बघतच राहिला.

"एक विचारू? नळी रिकामी ठेवून चालवलीत कधी?"

"कशाला?"

"बघू या ना... माझ्यासाठी."

तिने पावडर काढून टाकली. नळी रिकामी, तरी रेघ तेवढीच उसळली. मग तिला आठवलं. नळीपुढचा थंड पाइप तिने मिथेनॉलनेच धुतला होता, लवकर वाळतं म्हणून. कोपऱ्यात अडकलेलं तेच मिथेनॉल मशीन मोजत होतं.

"परिषदेआधी कळलं, ते बरं झालं," तो हळूच म्हणाला.

"तुम्हाला कुणी विचारलं होतं?" ती फटकन बोलून गेली. "मशीन दुरुस्त करा आणि जा. पुन्हा नाही आलात तरी चालेल!"

तो खरंच आला नाही. पुढच्या वेळी कंपनीने दुसरे गृहस्थ पाठवले, कामाला चोख आणि तोंडाला कुलूप. दाराशी पावलं वाजली की धाकटीचा जीव खालीवर व्हायचा, आणि येणारं दुसरंच कुणी निघायचं. चूक आपली आणि शिक्षा त्याला दिली, हे तिला पुरतं कळत होतं. त्याची इतकी आठवण यायची की जेवणही गोड लागेना.

तिने पाइप बदलले. पावडर नव्याने केली, तीत झिर्कोनिया नावाच्या पांढऱ्या भुकटीची भर घातली. आधी रिकामी नळी चालवली — रेघ सपाट. मग भरलेली... रेघ जराशी उचलली गेली. बोटभरही नाही, पण खरी. ती आनंदाने वळली, तर शेजारी कुणीच नव्हतं. तेव्हा मात्र तिला राहवेना. तिने कंपनीला फोन लावला.

"तक्रार काय आहे?" पलीकडच्या बाईंनी विचारलं.

"मशीन छान चाललंय."

"मग?"

"माणूस... आधीचा माणूस पाठवा ना."

पलीकडून खुदकन हसू. "कळवते हं."

दुसऱ्या दिवशी तो दारात उभा होता. रात्रभर जुळवलेली वाक्यं तिला एकही आठवेना.

"मी चुकले," ती म्हणाली. "तुमचं बरोबर होतं म्हणूनच चिडले. आणि... तुम्ही नसलात की मला करमत नाही. कशातच नाही."

तो कानांपर्यंत लाल झाला. तेव्हा कुठे तिचं लक्ष त्याच्या हातांकडे गेलं.

"हत्यारांची बॅग कुठेय?"

"नाही आणली," तो म्हणाला. "तुमची तक्रार त्या बाईंनी जशीच्या तशी वाचून दाखवली... सगळ्या ऑफिसादेखत. मी उभ्या उभ्या रजा टाकली."