दार लावल्यावरचा उजेड

सांगलीला आम्ही गेलो होतो ते माझ्या साडीसाठी. शहात्तर सालचा जानेवारी, लग्नाला महिना झालेला, पहिली संक्रांत. पण मानसिंगरावांनी फियाट आधी थांबवली ती एका रेडिओच्या दुकानासमोर. मी गाडीतच बसून राहिले. आत ते एक ट्रान्झिस्टर, एक रिले आणि करंगळीएवढा कपॅसिटर निवडत होते. एकेक वस्तू उजेडात धरून, फिरवून बघत होते, सोनाराकडे बघावी तशी. माझी चंद्रकळा मग पाच मिनिटांत घेऊन झाली.

मी रहिमतपूरच्या शाळेत शिकवत होते. ते फौजेत सिग्नलमध्ये हवालदार होते, रिटायर होऊन ऊस बघत. त्यांची पहिली बायको बनुबाई दोन वर्षांपूर्वी दम्यानं गेली. साताऱ्याला नेताना, वाटेत, ह्याच गाडीत, पुढच्या डाव्या सीटवर. लग्न ठरवतानाच त्यांनी हे सगळं सांगितलं होतं. गेलेल्या बाईचा कसला हेवा करायचा, असं मला तेव्हा वाटलं होतं.

पण त्या सीटवर बसले की वाटायचा. कितीही पुसलं तरी रेक्झिनला निलगिरीच्या तेलाचा वास यायचा. शिवाय ते मला ‘बाई’ म्हणायचे, शाळेतल्या पोरांसारखं. ती मात्र अजून ‘बनू’ होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते सामान एका डबीत जोडून डॅशबोर्डखाली बसवलं.

“हे कशाला?” मी विचारलं.

“दार उघडलं की आतली लाईट लागती, आन् लावलं की लगेच जाती. आता न्हाई जायची. ह्यो कपॅसिटर वीज भरून घेतो आन् हळूहळू सोडतो. दार लावल्यावर बी धा सेकंद उजेड ऱ्हाईल.”

“दहा सेकंदांत काय होणार आहे?”

“अंधारात पाय ठेवाय दिसंल,” ते म्हणाले. माझ्याकडे न बघता.

गाडी परड्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये असायची. शेडला खिडकी नव्हती. दुपारीसुद्धा आत काळोख. दिवेलागणीला ते शेतावरून यायचे, गाडी आत घालायचे, उतरून गाडीचं दार लावायचे, आणि लगेच शेडबाहेर यायचेच नाहीत. स्वयंपाकघरातून मला शेडच्या फटीतला पिवळा उजेड दिसायचा. मग दिवा तोडणाऱ्या रिलेचा ‘टक्’ असा आवाज, अंधार, आणि त्यांची पावलं.

आठवड्यानं त्यांनी जाडसर कपॅसिटर घातला. भाकरी थापता थापता मी मोजले, वीस. मग चाळीस. महाशिवरात्र आली तोवर उजेड पुरा दीड मिनिट राहू लागला. आणि त्या उजेडात मला त्यांचा आवाज ऐकू यायला लागला. हळू, लाडिक. माझ्याशी त्या आवाजात ते कधीच बोलले नव्हते.

एका दुपारी ते उसाला पाणी द्यायला गेले असताना मी शेडमध्ये गेले. गाडीचं दार उघडलं, लावलं, आणि काचेशी वाकले. दिवा जळत होता. सीट रिकामी. मी मनाशी हसले. रिकाम्या सीटवर जळत बसले होते मी! तशीच उभी राहून पूर्ण दीड मिनिट बघितलं. काही नाही.

टक्. दिवा गेला.

आणि काचेपलीकडे, अगदी माझ्या तोंडासमोर, कुणीतरी रोखून धरलेला श्वास सोडला. छातीत घरघर असावी तसा... लांब.

रात्री जेवताना त्यांना विचारलं, “कोण असतं हो गाडीत?”

त्यांनी हातातला घास परत ताटात ठेवला.

“बनू... आदी दार लावलं की पदराची निस्ती कड दिसायची, तवर लाईट जायची. आता तोंड दिसतंय, बाई. काल हसली.” त्यांचे डोळे चमकत होते. मग आवाज खाली आला. “तू दुपारी गेलतीस न्हवं? लय दमली म्हनत हुती. तू हुतीस तवर... श्वास धरून बसली हुती.”

मला घाम फुटायला हवा होता. फुटला नाही. अंगात आग उठली. माझ्या नवऱ्यानं ह्या घरात पहिल्यांदा इतक्या आनंदानं काही सांगितलं होतं, आणि ते तिच्याबद्दल होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून लवकर आले, पक्कड घेतली आणि डॅशबोर्डखालच्या वायरी तोडल्या. डबी उचकटली. शेजारच्या मळ्यात गुऱ्हाळ चालू होतं. ती डबी मी पेटत्या चुलवाणात टाकली आणि वितळेपर्यंत उभी राहिले.

संध्याकाळी ते आले. शेडमध्ये दाराचा आवाज झाला. उजेड नाही. बराच वेळ ते त्या काळोखात उभे होते. मग आत येऊन हातपाय धुतले आणि जेवायला बसले. मी बोलणी खायची तयारी ठेवली होती. ते एवढंच म्हणाले, “अंधारात तिला बसवत न्हाई, बाई.”

“नसू दे बसवत,” मी म्हणाले. खरं सांगते, त्या क्षणी मला जिंकल्यासारखं वाटलं.

आवराआवर करून मी खोलीत आले. ते लोखंडी पलंगावर आडवे झाले होते, जागेच. मी दाराजवळचं बटण बंद केलं.

बल्ब गेला नाही.

मी बटण वरखाली केलं. बल्ब तसाच, पिवळा, स्थिर. वळून बघितलं तर त्यांचा चेहरा उजळला होता. पण ते माझ्याकडे बघत नव्हते. नजर पलंगाच्या आणि माझ्या मध्ये होती, आणि ती हळूहळू पलंगाकडे सरकत होती.

“ये...” ते म्हणाले, आणि भिंतीकडे सरकून त्यांनी जागा केली.

मी अजून दाराशीच उभी होते. पलंग कुरकुरला. गादीची माझी बाजू सावकाश खाली दबली.

मग अंधार झाला.